पेंडलकोटच्या मॅनरचा नकाशा

इंग्लंडच्या पश्चिम भागात पेंडलकोट नावाचे एक पॅरिश आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अधिकारातले गाव आणि त्याचे शिवार. जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंद जिथे एकाच दप्तरात होते एवढा प्रदेश. गेल्या शिरगणतीत तिथे दोनशे बारा माणसे होती. चौदाव्या शतकातला मनोरा असलेले चर्च, एक बंद पडलेली शाळा, सतरा-अठरा दगडी घरे आणि चर्चच्या पश्चिमेला गवताचे एक मोठे कुरण. या कुरणाच्या दक्षिण टोकाला दगडी कमान उभी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना भिंत नाही, मागे घर नाही. गाई सकाळी तिच्याखालून कुरणात जातात आणि संध्याकाळी तिच्याखालूनच परततात.

ही कमान पेंडलकोटच्या मॅनरच्या देवडीची आहे. मॅनर म्हणजे गावाच्या जमिनीचा धनी जिथे राही ते घर. ही जमीन १५३९ पर्यंत एका मठाची होती. राजाच्या हुकुमाने मठ मोडले गेल्यावर ती हॅसल्डन नावाच्या घराण्याने घेतली आणि मठाच्याच दगडांतून चौकाभोवती चार सोप्यांचे घर बांधले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घराण्याचा वंश खुंटला. घर कुळांच्या ताब्यात गेले, छपराचे शिसे उतरवले गेले, आणि १७९४ नंतर दगड गाड्यांत भरून आसपासच्या गोठ्यांसाठी नेण्यात आले. १८४१च्या जमीनमोजणीच्या नकाशात कमान दाखवली आहे. घराच्या जागी केवळ 'हॉलचे कुरण', म्हणजे धन्याच्या घराचे कुरण, असे शब्द आहेत. घराचे चित्र कोणी काढलेले नाही. निदान सापडलेले नाही.

या घराचा आजवर काढला गेलेला एकमेव तळनकाशा बंगळूरच्या चामराजपेटेत, पाचव्या मेन रोडवरच्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर तयार झाला. तो काढणाऱ्या पद्मावती लाड यांनी इंग्लंड पाहिलेले नाही. त्यांच्याकडे पासपोर्ट नाही.

लाडांचे घराणे सतराव्या शतकात फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि परत गेले नाही, अशी त्या घरची समजूत आहे. तिला कागदाचा आधार नाही आणि पद्मावतीबाई हे स्वतःहून सांगतात. घरात मराठी बोलली जाते, पण तिच्यात कन्नड इतके मिसळले आहे की पुण्याहून आलेला पाहुणा पहिला दिवस गप्प बसतो. थोरला भाऊ 'अण्णा', भाजीवाल्याला 'स्वल्प कमी करा', आणि कोणतीही गोष्ट मान्य असली की 'सरी'. पद्मावतीबाईंनी लग्न केले नाही. त्या थोरले बंधू अप्पासाहेब आणि त्यांची मुलगी शिवानी यांच्यासह राहतात. अप्पासाहेब टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत. शिवानी बोम्मसंद्रा येथील एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस आहे आणि सकाळी सातच्या कंपनीच्या बसने जाते.

१९७५ साली, एकविसाव्या वर्षी, पद्मावतीबाई एका सरकारी कारखान्याच्या आरेखन विभागात ट्रेसर म्हणून लागल्या. अभियंता पेन्सिलीने आराखडा काढी. ट्रेसर त्यावर अर्धपारदर्शक कापड पसरून प्रत्येक रेषा शाईने उतरवून घेई. त्या कापडावरून पुढे छापील प्रती निघत. विभागात अशा चौदा मुली होत्या. त्यांना पहिल्या दिवशी जी सूचना मिळाली ती पद्मावतीबाईंना अजून पाठ आहे: रेषा समजून घेऊ नका, उमटवा. समजून घेणारी मुलगी मनाने दुरुस्ती करते आणि यंत्र बिघडते, असा त्यामागचा विचार होता. पद्मावतीबाई रेषा उमटवत राहिल्या आणि समजूनही घेत राहिल्या, पण दुरुस्ती मात्र त्यांनी कधी केली नाही. नव्वदच्या दशकात संगणक आले, ट्रेसरांचा विभाग बंद झाला, त्यांना कनिष्ठ आरेखकाचे पद मिळाले आणि २०१३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. अडतीस वर्षांत त्यांच्या हातून निघालेल्या हजारो नकाशांपैकी एकावरही त्यांचे पूर्ण नाव नाही. कोपऱ्यातल्या चौकटीत दोन आद्याक्षरे असत, आणि नकाशा सुधारला गेला की तीही बदलत. याबद्दल त्या तक्रार करीत नाहीत. विचारले तर एवढेच सांगतात की यंत्रे चालली.

पेंडलकोटशी त्यांचा संबंध २०१६ मध्ये आला, तोही शिवानीमुळे. गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या नऊ जणांच्या एका मंडळाने आपली जुनी कागदपत्रे छायाचित्ररूपाने संकेतस्थळावर टाकली होती आणि ती वाचून टंकलिखित करण्यासाठी जगातल्या कोणाही स्वयंसेवकाला आवाहन केले होते. शिवानीने तीन पाने केली आणि कंटाळून सोडून दिली. चौथे पान पद्मावतीबाईंनी केले. सतराव्या शतकातले ते वळण आजच्या इंग्रजाला सहज वाचता येत नाही. पद्मावतीबाईंनी ते वाचायचा प्रयत्नच केला नाही. त्यांनी चिकपेटेतून ट्रेसिंग पेपरचा रोल आणला, छापलेल्या पानावर एकेक तुकडा ठेवला आणि अक्षरे रेषा म्हणून गिरवली. पंधरा-वीस पाने गिरवून झाल्यावर कुठे लेखणी उचलली जाते आणि कुठे नाही हे हाताला कळू लागले, आणि मग शब्द दिसू लागले. आजोबांकडून त्या मोडी शिकल्या होत्या. लेखणी न उचलता धावणाऱ्या लिपीची त्यांना भीती नव्हती.

पाच वर्षांत त्यांनी अकराशेहून अधिक पाने पूर्ण केली. बाप्तिस्म्याच्या नोंदी, दफनाच्या नोंदी, चर्चच्या छपराची डागडुजी, कोणाच्या डुकराने कोणाची बाग उकरली याचे निवाडे. मंडळाच्या चिटणीस हिलरी टॉलर या निवृत्त शिक्षिका त्यांना आठवड्यातून एकदा पत्र पाठवीत. सुरुवातीला ही पत्रे आभाराची होती. नंतर ती विचारणेची झाली, कारण गावातला कोणता माणूस कोणत्या घरात राहत होता हे टॉलरबाईंपेक्षा पद्मावतीबाईंना लवकर आठवे.

२०२१ मध्ये त्यांच्याकडे एक निराळा दस्तऐवज आला. थॉमस हॅसल्डन १६३८ साली वारले, तेव्हा त्यांच्या मालमत्तेची यादी करण्यासाठी चार शेजारी मॅनरच्या घरात गेले. त्या काळची पद्धत अशी की ही माणसे एका दालनातून दुसऱ्या दालनात चालत जात आणि जिथे जे दिसे ते लिहीत. यादीत तेवीस दालने होती: देवडी, दुधघर, मद्याची कोठी, स्वयंपाकघर, मोठा दिवाणखाना, बैठकीची खोली, धन्याची निजण्याची खोली, आणि शेवटी पुन्हा देवडीवरचा माळा. प्रत्येक ठिकाणच्या वस्तू लिहिलेल्या होत्या, किती खिडक्यांना काच आहे तेही. दालनांची लांबी-रुंदी मात्र कुठेच नव्हती.

घर कसे होते ते या यादीवरून काढता येईल, असे पद्मावतीबाईंना वाटले. टॉलरबाईंनी होकार दिला, बहुधा त्यातून काही निघेल या अपेक्षेने नव्हे. नकाशाला दीड वर्ष लागले. वीस फूट लांबीचे टेबल ज्या दालनात होते ते निदान तीस फुटांचे असले पाहिजे. ज्या खोलीतल्या गालिच्याचे माप दिले आहे तिची रुंदी त्याहून फार मोठी नसणार. १७१२ सालच्या छप्परदुरुस्तीच्या नोंदीत शिशाच्या पत्र्याची मापे आहेत, त्यांवरून सोप्यांची रुंदी ठरते. देवडीची कमान जागेवर असल्याने घराचे दक्षिण टोक पक्के होते. चर्च पूर्वेला होते आणि अजून आहे. या दोन खुणांमध्ये तेवीस दालने बसवायची होती. पद्मावतीबाईंनी कामाच्या प्रतीवर चार शेजाऱ्यांचा मार्ग तुटक रेषेने काढला आणि त्या रेषेवर बाण दाखवले, म्हणजे यादीतला क्रम चुकू नये.

पूर्ण झालेला नकाशा त्यांनी भीमाचार्यांकडे नेला. भीमाचार्य त्यांच्याच विभागात तपासनीस होते. आता वय एक्याऐंशी, राहणे बसवनगुडीत. कारखान्यात अशी रीत होती की तपासनीस लाल पेन्सिल घेऊन नकाशावरच्या प्रत्येक मापावर, प्रत्येक खुणेवर एक टिक करी. टिक नसलेले काहीही पुढे जात नसे. निवृत्तीनंतरही पद्मावतीबाईंना ही टिक असल्याशिवाय कागद पाठवणे अवघड वाटले. भीमाचार्यांनी नकाशा चार दिवस ठेवून घेतला, दोन ठिकाणी भिंतीची जाडी कमी करायला सांगितली आणि बाकी सर्वत्र टिक केली.

पेंडलकोटमध्ये नकाशाचे जे झाले ते पद्मावतीबाईंच्या कल्पनेपलीकडचे होते. मंडळाने तो आपल्या पुस्तकात घ्यायचे ठरवले. त्याशिवाय चर्चच्या आवारात, कुरणाकडे तोंड करून, घराचा नकाशा असलेला एक मुलामा दिलेला धातूचा फलक लावायचे ठरले. तो २०२४च्या जूनमध्ये गावच्या जत्रेच्या दिवशी उघडला जाणार होता. फलकाच्या तळाशी एक ओळ असणार होती: नकाशा, पद्मावती लाड, बंगळूर. टॉलरबाईंनी फलकाच्या मजकुराचा कच्चा नमुना पाठवला तेव्हा पद्मावतीबाईंनी तो शिवानीकरवी कारखान्याच्या मोठ्या छपाईयंत्रावर छापून घेतला. अप्पासाहेबांनी तो मराठा समाजाच्या वार्षिक मेळाव्याच्या चिटणिसांना नेऊन दाखवला आणि येताना सत्काराची तारीख ठरवून आले. बहिणीला त्यांनी हे नंतर सांगितले. तिने नको म्हटले नाही.

मार्च महिन्यात टॉलरबाईंनी नव्याने छायाचित्रित झालेल्या कागदांचा एक गठ्ठा पाठवला. ते १६८४ सालच्या एका अब्रुनुकसानीच्या खटल्यातले जबाब होते. त्या काळी असे खटले चर्चच्या न्यायालयात चालत. रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात दोन शेतकऱ्यांच्या बायकांचे बसण्याच्या जागेवरून भांडण झाले आणि एकीने दुसरीला शिंदळ म्हटले. तसे म्हटले की नाही, एवढाच वाद होता. जोन पाइक नावाची एकोणीस वर्षांची मुलगी मॅनरमध्ये दुधघरात कामाला होती. तिने शपथेवर सांगितले की त्या वेळी ती दुधघराच्या दारात उभी होती, तिथून आवाराच्या बुटक्या भिंतीवरून चर्चचे दार सरळ दिसते, आणि ते शब्द तिने ऐकले. चर्चच्या घंटेचा दोर ओढणाऱ्या म्हाताऱ्या नोकराचाही जबाब होता. तो म्हणाला, भांडण ऐकून आपण बाहेर आलो तेव्हा जोन भिंतीवरून उतरून पोचलीच होती आणि तिच्या हातावरून ताक ठिबकत होते.

पद्मावतीबाईंनी हा जबाब अक्षरशः उतरवला, जतन केला आणि नकाशाची कामाची प्रत शेजारी पसरली. त्यांच्या नकाशात दुधघर पश्चिमेच्या सोप्यात होते. चर्च पूर्वेला आहे. जोन पाइक दुधघराच्या दारात उभी असती, तर तिला चौकाच्या पलीकडचा अख्खा सोपा आडवा आला असता. तिला कुरण दिसले असते.

पहिले दोन दिवस त्यांनी मुलगी खोटे बोलली असे मानून पाहिले. नोकर माणसे धनी सांगेल तशी साक्ष देतात, हे कागदोपत्री अनेकदा दिसते. पण घंटेवाल्या म्हाताऱ्याला खोटे बोलण्याचे कारण नव्हते, आणि हातावरच्या ताकासारखा तपशील कोणी रचून सांगत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी १७१२ची छप्परदुरुस्तीची नोंद पुन्हा उघडली. तिच्यात स्वयंपाकघराच्या छपराला 'चर्चकडचे' असे विशेषण आहे. हा शब्द त्यांनी दीड वर्षापूर्वी वाचला होता आणि शिसेकाम करणाऱ्याने डावे-उजवे चुकवले असे समजून सोडून दिला होता. त्यांच्या नकाशात स्वयंपाकघरही पश्चिमेलाच होते.

मग त्या स्वतःच्या टिपणांकडे वळल्या. प्रत्येक निर्णयाचे कारण त्यांनी वहीत लिहिले होते: भिंत इतकी जाड का, जिना इथेच का. यादी करणारे शेजारी देवडीतून आत आल्यावर कोणत्या बाजूला वळले, याचे कारण मात्र वहीत नव्हते. तो निर्णय घेतल्याचेही त्यांना आठवेना. कामाच्या प्रतीवरची तुटक रेषा दक्षिणेच्या देवडीतून आत येऊन डावीकडे पश्चिम सोप्याला वळत होती, तिथून उत्तरेला, मग पूर्वेला आणि परत देवडीशी. संबंध चौक उजव्या हाताला ठेवून. देवळात माणसे जशी फिरतात तशी. रेषा उलटी फिरवली की दुधघर आणि स्वयंपाकघर पूर्वेला येत होते, चर्चशेजारी, आणि तेवीसपैकी एकही दालन अडत नव्हते.

कामाची प्रत घेऊन त्या बसवनगुडीला गेल्या. भीमाचार्य मठातून नुकतेच परतले होते. गुडघे दुखत असूनही रोजच्या प्रदक्षिणा त्यांनी सोडलेल्या नाहीत. दोघांचे बोलणे नेहमीप्रमाणे कन्नडमध्ये झाले. पद्मावतीबाईंनी कागद टेबलावर पसरून देवडीशेजारच्या पहिल्या बाणावर बोट ठेवले.

"सार, हा बाण तपासला होता?"

भीमाचार्यांनी चष्मा बदलला. "टिक आहे. माझीच आहे."

"कशावरून बरोबर ठरवला?"

त्यांनी बोटाने बाणाची वाट चौकाभोवती फिरवली. "दिशा बरोबर होती म्हणून," ते म्हणाले. "म्हणजे, आपली."

पद्मावतीबाईंनी जोन पाइकची साक्ष वाचून दाखवली. भीमाचार्यांनी कागद आडवा-उभा फिरवला आणि विचारले, "हे चौघे कोण होते? भटजी?"

"शेतकरी. एक गिरणीवाला."

"इतक्या वर्षांत तुमच्या कागदावर मी एक चूक सोडली, लाड मॅडम, आणि तीही देवामुळे. लाल पेन्सिल द्या."

त्यांनी बाणावरची टिक खोडली आणि तिच्याशेजारी तारीख घातली.

या क्षणापर्यंत ही चूक पृथ्वीवर दोनच माणसांना माहीत होती. पेंडलकोटच्या मंडळात जोनचा जबाब नकाशाशी ताडून पाहील असे कोणी नव्हते. तो जबाब पद्मावतीबाईंनी टंकलिखित केला नसता तर वाचताही आला नसता. त्यांनी साक्ष नेहमीप्रमाणे पाठवून दिली असती आणि नकाशाबद्दल काही लिहिले नसते, तर फलक लागला असता, नाव राहिले असते आणि समाजाच्या मेळाव्यात शाल मिळाली असती. घरी त्यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा अप्पासाहेबांनी नेमके हेच सुचवले. त्यांचा सूर उपदेशाचा नव्हता, थट्टेचा होता, पण मेळाव्याचे आमंत्रणपत्र छापून आले होते आणि ते समोरच पडले होते.

"घर नाही, घरवाले नाहीत, दूध नाही," ते म्हणाले. "तिकडे चूक बघायला कोण जातंय गे? गाई?"

"गाई रोज जातात, अण्णा."

"मेलेल्या चाकरणीच्या बोलण्यावर तू आपलं नाव पुसणार. जन्मात एकदा आलेलं."

पद्मावतीबाईंनी आमंत्रणपत्र उचलून ताटांसाठी जागा केली. शिवानीने बापाला विचारले की तिच्या कारखान्यात एखादा सुटा भाग उलटा बसला आणि कोणाला दिसला नाही, तर तो बरोबर ठरतो का. अप्पासाहेब म्हणाले की सुटा भाग चालतो, हे घर चालत नाही. वाद तिथे संपला नाही, पण जेवण वाढले गेले.

पत्र लिहायला पद्मावतीबाईंना नऊ दिवस लागले. या नऊ दिवसांत त्यांनी दुसरे एकही पान उतरवले नाही, असे संकेतस्थळाच्या नोंदीवरून दिसते. आठ वर्षांत एवढा खंड पडल्याचे दुसरे उदाहरण नाही. पत्र दहा ओळींचे होते. नकाशा पूर्व-पश्चिम उलटा आहे. कारण असे की यादी करणारे चौक उजव्या हाताला ठेवून फिरले असे मी न तपासता गृहीत धरले. आम्ही इकडे तसे फिरतो. फलक लावू नये. सोबत जोनचा जबाब, घंटेवाल्याचा जबाब आणि १७१२ची नोंद जोडली होती.

टॉलरबाईंचे उत्तर आठवड्याने आले. ते सविस्तर होते आणि त्यातला एक भाग अभ्यासकांच्या उपयोगाचा आहे. त्यांनी लिहिले की चर्चला सूर्याच्या उलट दिशेने फेरी घालणे पेंडलकोटच्या म्हाताऱ्या माणसांतही अशुभ मानले जाई. त्यांच्या आजीने त्यांना त्यासाठी एकदा मारले होते. तेव्हा पद्मावतीबाईंनी जे गृहीत धरले ते त्या गावालाही परके नव्हते. मग ते चौघे उजवीकडे का वळले? टॉलरबाईंनी यादीतल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधले. दुधघरात चीजचे एकशे चाळीस गोळे होते, आणि संपूर्ण घरातली सर्वांत मोलाची, पण लवकर बिघडणारी वस्तू तीच होती. शेतकऱ्यांनी आधी चीज पाहिले असावे. ते कोणत्याही दिशेने फिरत नव्हते. जवळच्या दारात शिरले एवढेच. हे वाचून पद्मावतीबाईंनी वहीत एक ओळ लिहिली की इथेही इकडची रीत आणि तिकडची रीत असा फरक करण्याची घाई करू नये.

पत्राचा उरलेला भाग व्यवहाराचा होता. मुलामा भट्टीत भाजून फलक तयार झाला होता. तो आता चर्चच्या मनोऱ्यातल्या खोलीत ठेवला आहे, भिंतीकडे तोंड करून. मंडळाची बैठक झाली. पद्मावतीबाईंनी नवा नकाशा पाठवला, पण तो पहिल्यासारखा नव्हता. दुधघर, त्याचे बाहेरचे दार, स्वयंपाकघराचे छप्पर आणि देवडी एवढेच त्यांनी सलग रेषेत काढले, कारण एवढ्यालाच एकाहून अधिक कागदांचा आधार होता. उरलेली वीस दालने तुटक रेषेत होती. पुस्तकासाठी मंडळाने तो घेतला, एकसष्टाव्या पानावर. फलकासाठी मात्र नको म्हटले: जत्रेला आलेली माणसे कुरणाकडे पाहून एक घर डोळ्यांपुढे आणू इच्छितात, त्यांना तुटक रेषांचे काय करायचे ते कळणार नाही. फलकावर आता केवळ गावच्या इतिहासाचा मजकूर असेल. मजकुराखाली नाव घालण्याची रीत नाही, असे टॉलरबाईंनी खेदाने कळवले.

पद्मावतीबाईंनी पत्र शिवानीला वाचायला दिले. तिचे वाचून झाल्यावर त्या 'सरी' म्हणाल्या. अप्पासाहेब मेळाव्याच्या चिटणिसांना भेटून आले. सत्काराच्या यादीत एका दंतवैद्याचे नाव घालण्यात आले.

टॉलरबाईंना लिहिलेल्या उत्तरात पद्मावतीबाईंनी फलकाचा उल्लेख केला नाही. खटल्याची उरलेली पाने छायाचित्रित झाली आहेत का, आणि जोनवर न्यायालयाने विश्वास ठेवला का, एवढेच त्यांनी विचारले. पाने जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आली, जत्रा होऊन गेल्यावर. एकूण अकरा होती. विरुद्ध पक्षाच्या वकिलाने जोनच्या साक्षीवर दोन हरकती घेतल्या होत्या. पहिली, ती मोलाने राबणारी मुलगी असून तिच्या नावावर काहीही नाही, सबब तिच्या शब्दाला वजन नाही. दुसरी, दुधघराच्या दारातून चर्चचे दार दिसणे शक्य नाही. न्यायाधीशाने जागा पाहायला कोणाला पाठवल्याचे दिसत नाही. साक्ष बाजूला ठेवण्यात आली. जोन पाइकचे नाव त्यानंतर पेंडलकोटच्या कागदांत सापडत नाही. लग्नाच्या नोंदींत नाही, दफनाच्याही नाही.

अकरावे पान उतरवून झाले. प्रत्येक पानाखाली टिपेसाठी एक रिकामी चौकट असते. तिच्यात स्वयंसेवकाने फाटलेला कागद, पुसलेली शाई, संशयास्पद अक्षर याविषयी लिहावे अशी अपेक्षा आहे. पद्मावतीबाईंनी अडीच हजार पानांत ती क्वचितच वापरली. या पानाखाली त्यांनी इंग्रजीत चार वाक्ये लिहिली. दुसरी हरकत चुकीची आहे. दुधघराच्या दारातून चर्चचे दार दिसत होते, अंतर सुमारे चाळीस पावले. पाहा नकाशा, पान एकसष्ट. पहिल्या हरकतीबद्दल मला काही म्हणायचे नाही. खाली त्यांनी आपले संपूर्ण नाव घातले.

अशा टिपा तपासून अनावश्यक मजकूर काढून टाकणे हे टॉलरबाईंचे काम आहे. ही टीप त्यांनी जशीच्या तशी ठेवली आहे.